बंद दारामागचा रियाज: झियांच्या राजवटीत नाच कसा टिकला?

2022 मध्ये 'पसूरी' हे गाणे आले आणि आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत दुसरे काही ऐकू येईनासे झाले. शब्द पंजाबी, अर्थ अर्ध्या मुलांना कळत नव्हता, तरी सगळ्यांना पाठ. एके दिवशी नववीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, त्या गाण्यात पांढऱ्या केसांच्या एक आजी नाचतात ना, त्या कोण? पाकिस्तानात असला नाच चालतो?"

तास संपत आला होता. आम्ही "मोठी गोष्ट आहे, नंतर सांगू" म्हणून वेळ मारून नेली. आमच्या व्यवसायात हे वाक्य फार वापरले जाते आणि 'नंतर' सहसा येत नाही. म्हणून हा लेख.

त्या आजींचे नाव शीमा किरमानी. जन्म 1951, रावळपिंडी. वडील लष्करात. गाण्याचे चित्रीकरण झाले तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. त्या करतात तो नाच भरतनाट्यम. आणि "चालतो का?" या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की एक काळ होता जेव्हा तो चालत नव्हता आणि त्या काळातही काही माणसांनी तो चालू ठेवला.

5 जुलै 1977 रोजी जनरल झिया-उल-हक यांनी भुट्टो सरकार उलथवून सत्ता हातात घेतली. नव्वद दिवसांत निवडणुका घेऊ म्हणाले आणि 17 ऑगस्ट 1988 ला बहावलपूरजवळ विमान कोसळून मृत्यू होईपर्यंत खुर्चीवर राहिले. अकरा वर्षे. पक्षांवर बंदी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, पत्रकारांना फटके, हे सगळे त्या काळात झाले. 1979 मध्ये हुदूद अध्यादेश आले. 'चादर आणि चारदिवारी' ही घोषणा सरकारी झाली. दूरचित्रवाणीवर बायकांनी डोक्यावर दुपट्टा घेतलाच पाहिजे असा हुकूम निघाला तेव्हा मेहताब चन्ना (पुढे मेहताब राशदी) या लोकप्रिय निवेदिकेने तो मानला नाही आणि त्यांना पडद्यावरून जावे लागले. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. दुपट्टा घेणाऱ्या लाखो बायका पाकिस्तानात आधीपासून होत्याच, आपल्या घरातही आहेत. भांडण दुपट्ट्याचे नव्हते, हुकमाचे होते.

नाचाचे काय झाले? त्यासाठी नाहीद सिद्दीकी यांचे उदाहरण पुरेसे आहे. लाहोरचे महाराज गुलाम हुसेन कथक हे लखनौ घराण्याच्या अच्छन महाराजांचे शागिर्द. फाळणीनंतर पाकिस्तानात कथक जिवंत ठेवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतात. नाहीद त्यांच्या शिष्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पाकिस्तान टेलिव्हिजनवर त्यांचा 'पायल' नावाचा नृत्याचा कार्यक्रम सुरू झाला. नव्या राजवटीत तो मध्येच बंद पडला. शेवटी त्यांनी देश सोडला, ब्रिटनमध्ये गेल्या, तिथे शिकवू लागल्या. ज्या कलाकाराला देशभर लोक घरबसल्या पाहत होते, तिला आपल्याच देशात उभे राहायला जागा उरली नाही.

आता गंमत बघा. (गंमत म्हणायचे एवढेच, नाहीतर त्यात हसण्यासारखे काही नाही.) 'नाचू नका' असे सरळ सांगणारा एखादा स्वच्छ कायदा शोधायला गेले तर हाती लागतो तो इंग्रजांचा. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा. बंगालमधली नाटके सरकारची टर उडवू लागली म्हणून इंग्रजांनी तो केला. कुठलाही खेळ आक्षेपार्ह, बदनामीकारक किंवा नीतीला बाधक वाटला तर सरकारने तो थांबवावा, एवढाच त्याचा गाभा. मराठी माणसाला ही जात परिचयाची आहे. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रजांनी 1910 मध्ये बंदी घातली होती, कारण कीचकात लोकांना कर्झन दिसत होता. भारताने 1876 चा कायदा अखेर 2018 मध्ये रद्द केला. (आपल्याकडे नाटकाची संहिता आजही आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, ते वेगळे.) पाकिस्तानला तो वारशात मिळाला आणि झियांच्या अधिकाऱ्यांना तेवढा पुरला. कार्यक्रम करायचा तर ना-हरकत प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्र मागायला गेलात की कागद या टेबलावरून त्या टेबलावर. नाटकाची संहिता निदान दाखवता तरी येते. नाचाची संहिता काय दाखवणार? अधिकारी 'नाही' सुद्धा म्हणत नाही, फक्त 'हो' म्हणत नाही. हॉलवाला मग हॉल देत नाही, तबलजी म्हणतो मला भानगडीत पाडू नका, मुलीची आई म्हणते परीक्षा झाल्यावर बघू. बंदी लेखी नसली की प्रत्येक जण आपापली बंदी स्वतःच तयार करतो, आणि ती सरकारच्या बंदीपेक्षा कडक असते.

अशा वेळी कला लपवून करायची म्हणजे काय करायचे, याचा आम्ही बराच विचार केला. कवीचे त्या मानाने सोपे. कविता वहीत लपते, पाठ करून ठेवता येते, कुजबुजत सांगता येते. नाच लपत नाही. त्याला जमीन लागते, आणि जमीन वाजते. कथक करणारी एका पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधते. भरतनाट्यममध्ये अनवाणी पाय सपाट आपटून पदन्यास घटवायचे असतात, रोज, तासन् तास, वर्षानुवर्षे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्याला कळणार. तळमजल्यावर असाल तर गल्लीला कळणार. मग खिडक्या लावा, जाजम अंथरा, घुंगरू काढून ठेवा. पण घुंगरू न बांधता कथकची तालीम म्हणजे फळ्याशिवाय गणित शिकवण्यासारखे. होते, पण चूक कुठे झाली ते दिसत नाही.

दुसरी अडचण उस्तादांची. नाच पुस्तकावरून येत नाही. कोणीतरी समोर उभे राहून "कोपर वर, मान सरळ, परत कर" म्हणावे लागते. कराचीत हे काम घनश्याम नावाचे पती-पत्नी करीत असत. पन्नासच्या दशकापासून त्यांची नृत्यशाळा होती आणि शीमा किरमानी तिथेच शिकल्या. झियांच्या काळात वातावरण इतके बिघडले की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे जोडपे पाकिस्तान सोडून गेले. शाळा गेली, गुरू गेले. उरल्या शागिर्द. आमच्या मते शीमा किरमानींचे खरे धाडस रंगमंचावर उभे राहण्यात जितके आहे तितकेच या पुढच्या गोष्टीत आहे: त्या शिकवू लागल्या. स्वतः भारतात येऊन लीला सॅमसन यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या, ओडिसीही शिकल्या, आणि परत कराचीला गेल्या. परदेशी राहणे सोपे होते, पण राहिल्या नाहीत. लष्करी राजवट चालू असतानाच त्यांनी लोकांसमोर नाचही केला.

तिसरी गोष्ट प्रेक्षक. बघणारा नसेल तर नाच हा व्यायाम होतो. त्या काळात कार्यक्रम व्हायचे ते कोणाच्या तरी घरी, दिवाणखान्यातले सोफे भिंतीला सरकवून, नाहीतर अंगणात. निमंत्रण तोंडी. पोस्टर नाही, तिकीट नाही. परदेशी दूतावासांची सांस्कृतिक केंद्रे हा दुसरा आसरा. तिथे पाकिस्तानी अधिकाऱ्याला सहज हात घालता येत नसे. नाटकवाल्यांचीही हीच वाट होती. लाहोरला मदीहा गौहर यांच्या 'अजोका' गटाने 1984 मध्ये पहिला प्रयोग केला तो त्यांच्या आईच्या घराच्या हिरवळीवर. नाटक होते 'जुलूस', लेखक कोलकात्याचे बादल सरकार. शीमा किरमानींनी 1979 मध्ये कराचीत सुरू केलेली 'तहरीक-ए-निस्वाँ' ही संस्था तर नाच आणि नाटक दोन्ही करी, आणि कराचीच्या कष्टकरी वस्त्यांत जाऊन बायकांच्या प्रश्नांवर प्रयोग करी.

रावळपिंडी-इस्लामाबादकडे इंदू मिठा होत्या. यांची हकीगत मुंबईकरांनी जरूर वाचावी. इंदू मूळच्या चॅटर्जी, जन्म 1929, लाहोरचे बंगाली ख्रिस्ती घराणे, वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. भरतनाट्यम शिकल्या भारतात. लग्न केले अबूबकर उस्मान मिठा यांच्याशी. हे मिठा मुंबईच्या मेमन कुटुंबातले, जन्म मुंबईचा, आणि पुढे पाकिस्तानी लष्करात मेजर जनरल. त्यांच्या आत्मचरित्रात मुंबईचे बालपण आहे. म्हणजे बघा, फाळणीनंतर पाकिस्तानच्या छावणीत एका मुंबईकर मेमन फौजी अधिकाऱ्याच्या घरी भरतनाट्यमची शिकवणी चालू होती. इंदूबाईंनी आणखी एक केले. भरतनाट्यममधल्या रचना बहुतेक देवदेवतांच्या कथांवर असतात. त्यांनी उर्दू-पंजाबी काव्यावर, ऋतूंवर, बायकांच्या जगण्यावर रचना बसवल्या. काही शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. आम्हाला ती तडजोड वाटत नाही. आपल्याकडेही मुलाला जी भाषा कळते त्याच भाषेत धडा समजावावा लागतो. त्यांची मुलगी तेहरीमा हिनेही पुढे हाच मार्ग धरला.

पण हे सगळे लिहिताना एक गोष्ट आम्हाला टोचत राहिली, ती लपवून चालणार नाही. वर ज्यांची नावे आली ती बहुतेक शिकलेल्या, ओळखीपाळखीच्या, मोठ्या घरांतल्या माणसांची. त्यांच्याकडे दिवाणखाना होता, दूतावासात ओळख होती, वेळ पडली तर विमानाचे तिकीट होते. लाहोरच्या हीरामंडीतल्या बायकांकडे यातले काय होते? पिढ्यान्पिढ्या गाणे-नाच त्यांच्याकडे होता, कित्येक बंदिशी त्यांच्याच घरांत टिकल्या. त्यांच्यावर पोलिसांचा जाच वाढला तेव्हा 'कलेवर घाला' असे कोणी म्हटले नाही. त्या पांगल्या, शहराच्या इतर वस्त्यांत गेल्या. त्यांच्या चोरून केलेल्या रियाजाची मुलाखत कोणी घेतली नाही. इतिहास लिहिणारेही शेवटी ज्यांच्या घरी चहाला जाऊ शकतात त्यांचाच लिहितात.

आणि याच काळात लाहोरच्या पंजाबी सिनेमांत नाच जोरात चालू होता! भडक कपडे, पावसातली गाणी, सगळे. कराची-लाहोरच्या घराघरांत भाड्याने व्हीसीआर आणून हिंदी सिनेमे पाहिले जात. भारतीय सिनेमांना तिथल्या थिएटरांत 1965 पासून बंदी, पण बंद दारामागे मुले हिंदी गाण्यांवर नाचत होती. सेहवान शरीफला लाल शहबाज कलंदरच्या दर्ग्यात रोज संध्याकाळी नगाऱ्यावर धमाल व्हायची ती झियांच्या काळातही झाली. मग अडचण नेमकी कशाची होती? आमचा तर्क असा की नाचाची तेवढी नव्हती. एखादी शिकलेली बाई, ताठ मानेने, आपल्या मर्जीने, हे माझे काम आहे असे सांगत लोकांसमोर उभी राहते, याची होती. 12 फेब्रुवारी 1983 ला लाहोरच्या मॉल रोडवर साक्षीच्या कायद्याविरुद्ध निघालेल्या बायकांवर लाठ्या चालल्या. त्या तर नाचत नव्हत्या.

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, हे सगळे ठीक, पण नाच आपल्या दीनमध्ये बसतो का? प्रश्न रास्त आहे. आम्ही मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा देणार नाही. उलेमांमध्ये याबाबत कडक मत मोठ्या प्रमाणात आहे, हे खरे. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करीत होते आणि हजरत आयशा (रजि.) यांनी तो पाहिला, ही बुखारी शरीफमधली रिवायतही सर्वांना ठाऊक आहे. कोणी तिच्यातून परवानगी काढतो, कोणी म्हणतो तो लढाईचा सराव होता, नाच नव्हे. चर्चा चालू राहील. एखाद्या बापाने आम्हाला येऊन सांगितले की माझी मुलगी गॅदरिंगमध्ये नाचणार नाही, तर आम्ही तिला निवेदन देतो, नाटकात घेतो, विषय संपला. तो त्या घराचा निर्णय. पण पोलीस दारात उभा करून सगळ्या देशाचा निर्णय एका माणसाने करायचा, ही गोष्ट निराळी आहे, आणि ती धर्माच्या नावानेच होते असेही नाही.

याचा पुरावा तुर्कस्तानात आहे. तिथे 1925 मध्ये नव्या प्रजासत्ताक सरकारने कायदा क्रमांक 677 करून सगळ्या सूफी खानकाहांना टाळे लावले. मौलाना रूमींच्या सिलसिल्यातले मेवलेवी दरवेश समा करतात, म्हणजे पांढरा घेरदार झगा घालून, एक तळहात आकाशाकडे, एक जमिनीकडे, स्वतःभोवती फिरत जिक्र. (ते त्याला नाच म्हणत नाहीत, आपणही म्हणू नये.) पण कायद्याने तोही गेला. इथे बंदी घालणारे सरकार मौलवींचे नव्हते, कट्टर धर्मनिरपेक्ष होते. शेख, दरवेश या पदव्या लावणेसुद्धा गुन्हा ठरला. मग काय झाले? जे कराचीत झाले तेच. घराघरांत, पडदे ओढून, विश्वासातली चार माणसे जमवून समा चालू राहिला, बापाकडून मुलाकडे गेला. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कोन्या शहरात तो पुन्हा लोकांसमोर करायला परवानगी मिळाली, पण 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणून, इबादत म्हणून नाही. आज 17 डिसेंबरला, रूमींच्या उर्सला, जगभरचे पर्यटक तिकीट काढून तो बघतात, 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि 677 क्रमांकाचा कायदा कागदावर अजून तसाच आहे.

इराणची कहाणी आजची आहे. 1958 साली स्थापन झालेली तिथली राष्ट्रीय बॅले संस्था 1979 च्या क्रांतीनंतर बरखास्त झाली. 'रक्स' हा शब्दच जाहिरातीतून गेला. रंगमंचावर काही करायचे तर त्याला 'हरकाते मौजून' म्हणायचे. उर्दू वाचणाऱ्यांना यातली खुबी कळेल. मौजून म्हणजे वजनात बसणारा. शायरीत बहरात बसलेल्या मिसऱ्याला आपण मौजून म्हणतो. नाचाला नाच म्हणता येईना तेव्हा फारसीने शायरीचा शब्द उसना दिला. तरी भागले नाही. 2014 मध्ये तेहरानच्या काही तरुण-तरुणींनी 'हॅपी' या इंग्रजी गाण्यावर गच्चीत नाचून चित्रफीत टाकली, अटक झाली, फटक्यांची शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवली गेली. 2018 मध्ये आपल्या खोलीत नाचून इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्या एका किशोरवयीन मुलीला सरकारी दूरचित्रवाणीवर रडत कबुली द्यायला लावले. 2023 च्या जानेवारीत आझादी मनोऱ्यापाशी नाचलेल्या एका तरुण जोडप्याला दहा वर्षांहून अधिक कैद सुनावल्याची बातमी जगभर गेली. आरोप नाचाचा नव्हता, अनीती पसरवण्याचा आणि राष्ट्राच्या सुरक्षेचा होता. पुन्हा तेच: कायद्यात 'नाच' कुठे नीट लिहिलेला नाही, आणि म्हणूनच कोणालाही पकडता येते. अफशीन गफ्फारियान नावाच्या तरुणाने तेहरानमध्ये लपून नृत्यगट चालवला आणि वाळवंटात जाऊन प्रयोग केला. 2009 च्या आंदोलनानंतर त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्यावरच्या 'डेझर्ट डान्सर' या इंग्रजी सिनेमात मुंबईच्या फ्रीडा पिंटोने काम केले आहे.

झिया गेल्यानंतर पाकिस्तानात सगळे सुरळीत झाले असेही नाही. कार्यक्रमाला ना-हरकत लागतेच, धमक्या येतातच. 16 फेब्रुवारी 2017 ला सेहवानच्या दर्ग्यात धमालच्या वेळी आत्मघाती स्फोट झाला, ऐंशीहून जास्त माणसे गेली. काही दिवसांतच शीमा किरमानी तिथे पोहोचल्या आणि दर्ग्याच्या आवारात त्यांनी धमाल केली. साठी ओलांडलेली बाई, अवतीभवती लोकांची गर्दी.

त्या नववीतल्या मुलीला आम्ही हे सगळे नंतर सांगितले, दोन तासिका गेल्या. तिने शेवटी विचारले, "त्यांच्या घरच्यांना माहीत होतं का?" आम्ही म्हटले, असेल ना, का गं? ती काही बोलली नाही. बेंचखाली तिचे पाय हलत होते. गॅदरिंगच्या यादीत तिचे नाव त्या वर्षी निवेदनात होते, पुढच्या वर्षीही निवेदनातच राहिले.